बाहुलीनाट्याचे प्रयोगभांडार : ओसाका आणि पिंगुळी

१

वाराणसीत नारद घाटाला लागून उत्तरेकडे जो दगडी घाट आहे त्याला दोन नावे आहेत. एक अमृतराव घाट आणि दुसरे, आज अधिक रूढ असलेले, राजा घाट. ज्यांच्या नावाने हा घाट ओळखला जातो ते अमृतराव म्हणजे राघोबादादांचे दत्तक पुत्र. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ दुसऱ्या बाजीरावाचा पराभव केला, तेव्हा पुण्याचा कारभार काही काळ अमृतरावांच्या हाती आला. पुढच्याच वर्षी इंग्रजांशी तह होऊन त्यांना सालीना सात लाख रुपयांचा तनखा ठरला, आणि दक्षिणेतील राजकारणातून बाहेर पडून ते उत्तरेत कर्वी व काशी येथे राहिले. १८२४ मध्ये काशीतच त्यांचा अंत झाला. राज्य गेलेल्या पुरुषाने उरलेले द्रव्य देवालये, घाट व अन्नसत्रे यांकडे वळवावे, ही त्या काळाची रीतच होती.

घाटाच्या पायऱ्या व त्यावरील वास्तू जागच्या जागी आहेत. पण नौकेतून जाणाऱ्या यात्रेकरूला नावाड्याकडून ऐकू येते ते नाव राजा घाट. कोणता राजा, तो कोठला, त्याने येथे घाट का बांधला, हे सांगणारा कोणी बरोबर असेल तरच कळते. याच घाटापासून दक्षिणेस थोड्या अंतरावर हरिश्चंद्र घाट आहे. त्याविषयी मात्र कोणालाही विचारावे लागत नाही. तेथेही राजाच आहे. परंतु त्याची कथा गावोगावी पुराणिकांनी, कीर्तनकारांनी व नटांनी इतक्या वेळा सांगितली आहे की ते नाव झिजून केवळ 'राजा' होण्याचा संभव राहिला नाही. दगड दोन्हीकडे टिकला. नाव टिकले ते जेथे कथन टिकले तेथे.

दृश्य वस्तू आणि तिचे कथन यांचे हे नाते ज्या कलाप्रकारात सर्वांत उघडपणे पाहता येते तो प्रकार म्हणजे बाहुलीनाट्य. नटाला स्वतःचा आवाज असतो, बाहुलीला तो नसतो. तिला दुसऱ्याने शब्द द्यावे लागतात. म्हणून बाहुलीनाट्याचे प्रयोगभांडार, म्हणजे परंपरेने रंगभूमीवर आवर्तनाने येणाऱ्या प्रयोगांचा साठा, नेहमी दोन ठिकाणी विभागून ठेवलेले असते : काही अंश हातातल्या वस्तूत आणि काही अंश कोणाच्या तरी मुखात. या दोहोंपैकी कोणत्या अंशाला कोणी जपले, यावर त्या त्या परंपरेचे भवितव्य ठरत आले आहे. जपानमधील बुनराकु आणि कोकणातील पिंगुळी येथील चित्रकथी व कळसूत्री बाहुल्या ही या दृष्टीने तुलनेस घेण्याजोगी दोन उदाहरणे होत.

२

बुनराकु हे नाव अलीकडचे आहे. या नाट्याचे मूळ नाव निंग्यो जोरुरी. निंग्यो म्हणजे बाहुली, आणि जोरुरी म्हणजे शामिसेन या तीन तारांच्या वाद्याच्या साथीवर गायिले व सांगितले जाणारे आख्यान. या नावातच त्याची घडण स्पष्ट होते. आख्यान आधी होते. बाहुली त्याला नंतर येऊन मिळाली. आवाजीहून ओसाका येथे आलेल्या उएमुरा बुनराकुकेन याच्या घराण्याने चालविलेल्या नाट्यगृहाला १८७२ मध्ये बुनराकु-झा हे नाव मिळाले, आणि पुढे नाट्यगृहाचे नाव साऱ्या कलेला चिकटले.

या परंपरेची घडी बसली ती सतराव्या शतकाच्या अखेरीस. १६८४ मध्ये ताकेमोतो गिदायू या गायकाने ओसाका शहराच्या दोतोनबोरी भागात ताकेमोतो-झा हे नाट्यगृह उघडले. चिकामात्सु मोन्झाएमोन (१६५३–१७२५) हा नाटककार त्याच्यासाठी लिहू लागला. गिदायूची गायनपद्धती इतकी प्रभावी ठरली की तिलाच पुढे 'गिदायू' म्हटले जाऊ लागले. कथन करणाऱ्याला तायू म्हणतात. निवेदन, सर्व पात्रांचे संवाद, रडणे, हसणे, खोकणे हे सारे सामान्यतः एकटा तायू करतो. तो रंगमंचाच्या उजव्या बाजूच्या उच्चासनावर शामिसेनवादकासह बसतो. समोरच्या नक्षीदार चौरंगावर संहितेची पोथी असते. आरंभी तो ती पोथी दोन्ही हातांनी कपाळापर्यंत उचलून तिला वंदन करतो. आख्यान त्याला मुखोद्गत असते, तरीही पोथी समोर लागतेच. आपल्याकडील पुराणिकाने ग्रंथाला केलेल्या नमस्काराची आठवण व्हावी असा हा विधी आहे, आणि त्याचा आशयही तोच आहे : जे बोलले जाणार आहे त्याचे स्वामित्व बोलणाऱ्याकडे नाही, ग्रंथाकडे आहे.

बुनराकुच्या प्रयोगभांडाराचे दोन मुख्य भाग मानले जातात. पहिला जिदाईमोनो, म्हणजे इतिहासकालीन सरदार व योद्धे यांच्यावरील नाटके. ही बहुधा पाच अंकी असतात. दुसरा सेवामोनो, म्हणजे नगरातील समकालीन सामान्य माणसांवरील नाटके. ही बहुधा तीन अंकी. यांखेरीज नृत्यप्रधान तुकड्यांचा एक तिसरा वर्ग आहे. दुसरा वर्ग ज्या नाटकापासून सुरू झाला असे मानतात ते चिकामात्सुचे 'सोनेझाकी शिंजू' हे १७०३ मधले आहे. ओसाका येथील एका सोया-रसाच्या दुकानातील गुमास्ता तोकुबेई आणि ओहात्सु ही गणिका यांनी सोनेझाकीच्या तेन्जिन देवस्थानाच्या वनात एकत्र प्राण दिले. ही घटना खरी घडलेली होती, आणि ती घडल्यावर अवघ्या महिन्याभरात ताकेमोतो-झाच्या रंगमंचावर तिचे नाटक उभे राहिले. मित्राने पैशांच्या व्यवहारात केलेली फसवणूक, दुकानदाराचा दबाव, आणि अब्रू गेल्यावर उरणारा एकच मार्ग, एवढ्या सामान्य सामग्रीवर चिकामात्सुने शोकनाट्य उभे केले. यात देव नाहीत, राजे नाहीत, शाप नाहीत. आज तेन्जिनाचे ते देवस्थान लोकांत 'ओहात्सु तेन्जिन' म्हणून ओळखले जाते. देवस्थानाला बाहुलीनाट्याच्या नायिकेचे नाव मिळावे, हे कथनाच्या सामर्थ्याचे हरिश्चंद्र घाटाइतकेच बोलके उदाहरण होय.

जिदाईमोनो वर्गातील तीन नाटके या भांडाराचे शिखर मानली जातात : 'सुगावारा देन्जु तेनाराई कागामी' (१७४६), 'योशित्सुने सेन्बोन झाकुरा' (१७४७) आणि 'कानादेहोन चुशिंगुरा' (१७४८). ताकेदा इझुमो (दुसरा), मियोशी शोराकु आणि नामिकी सेन्र्यू या तिघांनी मिळून ती रचली. एका वर्षाला एक या क्रमाने तीन श्रेष्ठ नाटके सहलेखनातून जन्मास यावीत, ही साहित्येतिहासातील विरळ घटना आहे. त्याआधी, १७३४ मध्ये, एक बाहुली तिघांनी चालविण्याची पद्धत आली होती. मुख्य चालक डोके व उजवा हात सांभाळतो, दुसरा डावा हात, तिसरा पाय. बाहुलीचे हे शारीरिक सामर्थ्य वाढल्यामुळेच पुढील नाटकांत सूक्ष्म भावदर्शनाचे दीर्घ प्रवेश लिहिणे लेखकांना शक्य झाले.

३

या नाटकांच्या रचनेचे एक तत्त्व भारतीय आख्यानपरंपरेच्या अभ्यासकाला विशेष उपयोगाचे आहे. जपानी नाट्यविचारात त्यासाठी 'सेकाई' आणि 'शुको' अशा दोन संज्ञा वापरतात. सेकाई म्हणजे जग : प्रेक्षकांना आधीच ठाऊक असलेला पात्रांचा, घटनांचा व काळाचा परिचित प्रदेश. शुको म्हणजे त्या परिचित जगात लेखकाने आणलेली नवी कल्पकता. 'चुशिंगुरा'चा विषय आहे आको जहागिरीच्या सत्तेचाळीस स्वामीहीन सामुराईंनी आपल्या मृत धन्यासाठी घेतलेला सूड. ही सूडकथाही १७०३ च्या आरंभी पूर्ण झालेली, म्हणजे तेव्हाची ताजी घटना. पण समकालीन सामुराईंना त्यांच्या खऱ्या नावांनी रंगमंचावर आणण्यास शासनाची मनाई होती. म्हणून नाटककारांनी ती चौदाव्या शतकातील आशिकागा काळाच्या सेकाईत नेऊन ठेवली, नावे बदलली. आणि प्रेक्षकांनी पडद्याआडचे सत्य ओळखले. 'सेन्बोन झाकुरा'मध्ये याच तत्त्वाची दुसरी बाजू दिसते. हेइके घराण्याचा विनाश हा प्रत्येक जपानी श्रोत्याला माहीत असलेला इतिहास. नाटककार विचारतो की त्या युद्धात मेले असे समजले गेलेले सेनापती खरोखर मेलेच नसते तर? जग तेच, कल्पना नवी.

मराठी आख्यानकाराची रीत याहून फार वेगळी नाही. रामकथेचे जग सर्वांना ठाऊक असते. इंद्रजिताची पत्नी सुलोचना पतीचे मस्तक मागण्यासाठी रामाकडे येते, किंवा अहिरावण-महिरावण रामलक्ष्मणांना पाताळात पळवून नेतात, हे प्रसंग वाल्मीकीच्या ग्रंथात नाहीत. ते मराठी श्रोत्यापर्यंत आले ते श्रीधरासारख्या कवींच्या ग्रंथांतून आणि त्याहून अधिक, कथेकऱ्यांच्या मुखातून. येथे कालगणनेचा एक योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. श्रीधरकवी नाझरेकर (१६५८–१७२९) हा चिकामात्सुचा जवळजवळ समवयस्क. त्याचा 'हरिविजय' १७०२ चा, 'रामविजय' १७०३ चा, 'पांडवप्रताप' १७१२ चा. ज्या वर्षी ओसाकात ओहात्सुची बाहुली प्रथम रंगमंचावर आली, त्याच वर्षी पंढरपुरात रामविजयाची अखेरची ओवी लिहून झाली. दोन्ही रचना वाचनापेक्षा श्रवणासाठी होत्या. दोन्हींच्या आधाराने पुढची तीन शतके बाहुल्या हालल्या. मात्र पुढे त्यांचे मार्ग भिन्न झाले.

४

पिंगुळी हे सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळचे गाव. तेथील ठाकर आदिवासी समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या व चामड्याच्या छायाबाहुल्या हे तीनही प्रकार पिढ्यान् पिढ्या सांभाळले आहेत. सावंतवाडीच्या राजघराण्याचा त्यांना आश्रय होता. या प्रकारांची परंपरा महाराष्ट्राच्या भूमीत किती खोल गेली आहे हे दाखविणारे उल्लेख ग्रंथांत विखुरलेले आहेत. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर (तिसरा) याच्या नावावर असलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात चित्रांच्या साहाय्याने कथा सांगणारा 'चित्रकथक' येतो. ज्ञानेश्वरीत सूत्राच्या आधाराने हालणाऱ्या बाहुल्याचा दृष्टान्त आहे. संस्कृत नाटकातील 'सूत्रधार' हा शब्दच मुळात बाहुल्यांचे दोरे धरणाऱ्यापासून आला असावा, असे मत रिचर्ड पिशेल याने १९०० मध्ये मांडले. ते सर्वमान्य नसले तरी त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

चित्रकथीची सामग्री अल्प असते. कागदावर रंगविलेली चित्रे, दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटविलेली, आणि एका कथेची अशी सर्व चित्रे मिळून एक पोथी. अक्षरांच्या ग्रंथाला जो शब्द लावतात तोच या चित्रांच्या गड्डीलाही लावला जातो, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. कथेकरी एकामागून एक चित्र समोर धरतो. वीणा, हुडूक व टाळ यांची साथ असते. तो पदे गातो, गद्यात विवरण करतो, पात्रांचे संवाद बोलतो. चित्र संपले की ते खाली जाते आणि पुढचे वर येते. आरंभ गणेशाच्या चित्राने व वंदनाने होतो. कळसूत्री बाहुल्यांच्या खेळात चित्राची जागा दोऱ्यांवर हालणारी लाकडी बाहुली घेते, छायाखेळात कातड्याची. पण विषय तेच रहातात : रामायण, महाभारत, पुराणे. बोलणाराही त्याच समाजातला आणि त्याच घडणीचा. म्हणजे येथे तीन माध्यमांचे भांडार एकच आहे, आणि ते तिन्ही माध्यमांत फिरू शकते, कारण त्याचा मूळ ठावठिकाणा कथेकऱ्याच्या स्मरणात आहे.

पिंगुळीच्या कथनात श्रीधराच्या ग्रंथांची छाया स्पष्ट असते. परंतु श्रीधराची ओवी आणि कथेकऱ्याचे बोलणे यांचे नाते बुनराकुतील संहिता व तायू यांच्या नात्यासारखे नाही. कथेकरी श्रीधराचे पठण करीत नाही. तो ती कथा आपल्या बोलीत नव्याने घडवितो, समोरचे गाव पाहून प्रसंग लांबवितो किंवा आवरतो, थट्टा घालतो, संवाद त्या रात्रीपुरता रचतो. याच परिसरातील दशावतारी नाटकांची रीतही अशीच आहे : आख्यान ठरलेले, पण संवाद नटांनी प्रयोगाच्या ओघातच बोलावयाचे. कोकणच्या या भागात 'संहिता' म्हणजे लिहिलेला शब्द नव्हे. प्रसंगांचा ठरलेला क्रम आणि तो भरून काढण्याचे कसब, या दोहोंना मिळून संहिता म्हणावे लागेल. चित्रांची पोथी या क्रमाचे रक्षण करते. कसबाचे रक्षण ती करू शकत नाही.

५

या फरकाचे कारण केवळ दोन समाजांच्या स्वभावात शोधणे योग्य होणार नाही. आश्रय कोणाचा होता हे पाहावे लागते. ओसाका हे व्यापाऱ्यांचे शहर. ताकेमोतो-झा आणि तिची प्रतिस्पर्धी तोयोताके-झा ही नाट्यगृहे पैसे देऊन येणाऱ्या प्रेक्षकांवर चालत. त्या प्रेक्षकाला नवे नाटक हवे असे. म्हणून ताज्या घटनांवर नाटके लिहिली गेली, आणि 'कोकुसेन्या कास्सेन' (१७१५) सारखे नाटक सतरा महिने चालले. हाच प्रेक्षक संहिता विकतही घेई. संपूर्ण नाटकाच्या मुद्रित प्रती बाजारात येत, आणि हौशी नागरिक गुरूकडे गिदायू शिकत, तेव्हा त्यांना सरावासाठी पोथ्या लागत. मुद्रकाच्या दृष्टीने हा व्यापार होता. पण त्याच्या परिणामी अठराव्या शतकातील बाहुलीनाट्याचे शब्द हजारो घरांत जाऊन पडले. पिंगुळीचा आश्रयदाता दरबार होता आणि प्रेक्षक देवळाच्या सभामंडपातील गाव होते. तेथे नवी कथा कोणी मागत नव्हते. ठरलेली कथा चांगली सांगितली जावी एवढीच अपेक्षा असे. छापील प्रत विकत घेणारा कोणी नव्हता, म्हणून ती निघालीही नाही.

महाराष्ट्रात या दोहोंच्या मधला एक टप्पाही आढळतो, आणि तो मराठी रंगभूमीच्या उगमाशीच आहे. १८४३ मध्ये सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर'चा प्रयोग केला. भावे यांना लाकडी बाहुल्या घडविण्याचे कौशल्य होते, आणि बाहुल्यांच्या नाट्याचा उद्योगही त्यांनी केला. त्यांनी घडविलेल्या बाहुल्या पुढे पाध्ये कुटुंबाकडे आल्या. रामदास पाध्ये यांनी त्यांची डागडुजी करून त्या पुन्हा प्रेक्षकांसमोर आणल्या. भावे यांच्या नाटकांत पदे सूत्रधार म्हणे आणि संवाद नट स्वयंस्फूर्तीने बोलत. १८८५ मध्ये त्यांचा 'नाट्यकवितासंग्रह' छापला गेला. त्यात पदे आहेत. संवाद नाहीत, कारण ते कधी लिहिलेच नव्हते. मराठी नाटकाचा आरंभ असा अर्धा कागदावर आणि अर्धा हवेत आहे. बाहुल्या उरल्या, पदे उरली, आणि त्या दोहोंना जोडणारे बोलणे गेले.

६

जे कागदावर आले ते सुरक्षित झाले, असा निष्कर्ष यावरून लगेच काढता येईल. परंतु बुनराकुचा पुढील इतिहास त्याला मर्यादा घालतो. 'सोनेझाकी शिंजू'चेच पाहावे. अशा नाटकांचे अनुकरण करून तरुण जोडपी प्राण देऊ लागली, म्हणून १७२३ मध्ये शासनाने प्रेमिकांच्या सहमरणावरील नाटकांना बंदी घातली. या नाटकाचा मूळ प्रयोग दीर्घ काळ रंगभूमीबाहेर राहिला. १९५५ मध्ये ते पुन्हा उभे करण्यात आले तेव्हा मुद्रित शब्द हाताशी होते. मूळ चाली मात्र लुप्त झाल्या होत्या. नोझावा मात्सुनोसुके याने संहितेचे नवे संस्करण केले आणि संगीत नव्याने बांधले. आज जगभर जो प्रयोग बुनराकुचा नमुना म्हणून पाहिला जातो त्याचा आवाज विसाव्या शतकातला आहे. एक तपशील तर केवळ कारागिरांच्या स्मृतीवर व युक्तीवर अवलंबून आहे. स्त्री-बाहुल्यांना सामान्यतः पाय नसतात. किमोनोच्या घोळाखालून चालण्याचा भास निर्माण केला जातो. पण या नाटकात ओसरीखाली लपलेला तोकुबेई ओहात्सुचे पाऊल हाती घेऊन ते आपल्या गळ्यावरून फिरवितो, आणि त्या मूक खुणेने मरणाचा निश्चय कळवितो. त्या एका क्षणासाठी बाहुलीला पाऊल द्यावे लागते. संहितेत शब्द आहेत. पाऊल कसे दाखवावे हे चालकांनी ठरविले आहे.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीनंतर नव्या नाटकांचा ओघ आटला. भांडार स्थिर झाले आणि त्यातील उत्तम प्रवेश निवडून दाखविण्याची पद्धत रूढ झाली; संपूर्ण नाटक सलग दाखविणे हा विशेष प्रसंग ठरला. तायूंची कसोटी शतकानुशतके त्याच प्रवेशांवर होत राहिल्यामुळे कला कमालीची सूक्ष्म झाली, पण शुको, म्हणजे नव्या कल्पनेची जागा, जवळजवळ बंद झाली. १९०९ मध्ये हा व्यवसाय शोचिकु या कंपनीकडे गेला, १९६३ मध्ये बुनराकु संस्थेच्या स्थापनेने त्याला सार्वजनिक अनुदानाचा आधार मिळाला, १९८४ मध्ये ओसाकात राष्ट्रीय बुनराकु नाट्यगृह उभे राहिले आणि २००८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत त्याची नोंद झाली. व्यापाऱ्यांची कला अखेर राजाश्रयाच्या आधुनिक रूपाला येऊन टेकली.

पिंगुळीचा धोका याच्या उलट दिशेचा आहे. तेथे कल्पनेची जागा मोकळी राहिली, पण ती भरणाऱ्या माणसांची संख्या घटत गेली. शासनाने व अभ्यासकांनी लक्ष दिले ते प्रामुख्याने दृश्य अंशाकडे. चित्र संग्रहालयात ठेवता येते, भिंतीवर लावता येते, विकताही येते; चार घटका चालणारे कथन यांपैकी कशातच बसत नाही. २००६ मध्ये परशुराम गंगावणे यांनी पिंगुळीत ठाकर आदिवासी कला अंगण हे संग्रहालय स्थापले, आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कलावंताच्या कुटुंबानेच संग्रहालय चालवावे, आणि चित्रांसमोर उभा राहून सांगणारा त्याच परंपरेतला असावा, हे या संस्थेचे वैशिष्ट्य आहे. सर्वत्र असे घडले नाही. पैठणी शैलीतील म्हणून ओळखली जाणारी चित्रकथी चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. त्यांतील मोठ्या गोल डोळ्यांचे, एकाच बाजूने दिसणारे वीर पाहणाऱ्याला खिळवून ठेवतात. परंतु ती कथा सांगणारी परंपरा आता त्यांच्याबरोबर नाही. काही प्रसंग रामायण-महाभारताच्या ज्ञानावरून ओळखता येतात. इतर ठिकाणी एक राजा आसनावर बसला आहे, समोर दूत उभा आहे, एवढेच सांगता येते. कोणता राजा, हा प्रश्न येथेही उरतो.

७

साहित्याच्या अभ्यासकाचे काम येथून सुरू होते. मराठी आख्यानकवितेचा इतिहास मुक्तेश्वर, श्रीधर, मोरोपंत या ग्रंथकारांच्या क्रमाने लिहिला जातो, आणि कथेकऱ्यांचे कथन त्या ग्रंथांची लोकांतील पडछाया म्हणून एखाद्या परिच्छेदात आटोपते. बुनराकुच्या संदर्भात अशी विभागणी कोणी करीत नाही; चिकामात्सु हा जपानी साहित्याचा मुख्य लेखक मानला जातो, आणि त्याच्या रचना बाहुल्यांसाठी होत्या ही गोष्ट त्याच्या थोरवीला बाधक ठरत नाही. मान्यतेतील हा फरक गुणावगुणांपेक्षा मुद्रणामुळे पडला आहे. जे छापले गेले ते साहित्य ठरले. जे छापले गेले नाही ते लोककला ठरले.

त्यावर उपाय म्हणून कथेकऱ्यांचे बोलणे श्रीधराच्या ओव्यांशी ताडून 'शुद्ध' करून छापावे, असे कोणी सुचवील. तसे करणे हानिकारक होईल, कारण जेथे कथेकरी श्रीधरापासून दूर जातो तेथेच त्याचे शुको असते. एकाच पोथीचे दोन कथेकऱ्यांनी केलेले कथन, एकाच कथेकऱ्याचे दोन गावांतील कथन, चित्रकथीतील प्रसंग आणि तोच प्रसंग कळसूत्री बाहुल्यांच्या खेळात, अशी पाठभेदांसह नोंद व्हावयास हवी. प्रत्येक चित्रासमोर त्या चित्राचे बोलणे, आणि जेथे चाल आहे तेथे ध्वनिमुद्रण. राजस्थानातील पाबूजीच्या फडाबाबत असे काम झालेले आहे. जॉन डी. स्मिथ यांनी भोप्यांच्या गायनाचे लिप्यंतर, अनुवाद व विवेचन १९९१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून फडाचे पट हे केवळ शोभेचे वस्त्र म्हणून पाहणे अभ्यासकांना शक्य राहिले नाही. पिंगुळीच्या पोथ्यांसाठी असा ग्रंथ मराठीतून होणे अधिक स्वाभाविक आहे, कारण तेथील कथनाची भाषा अभ्यासकाला परकी नाही. केवळ तिचे कोकणी वळण ऐकण्याची सवय करावी लागेल.

असे संपादन झाल्याने भांडार गोठेल, ही भीती बुनराकुच्या उदाहरणावरून निराधार म्हणता येत नाही. तरी दोन प्रकारच्या हानींत भेद केला पाहिजे. ज्या परंपरेचे शब्द जपलेले आहेत ती गोठली तरी पुन्हा हालविता येते. १९५५ मध्ये ओहात्सुच्या बाबतीत तेच घडले, आणि चाली नव्या बांधूनही नाटक जगले. ज्या परंपरेचे शब्द गेले तिला पुन्हा हालविण्यासाठी हातात काहीच उरत नाही. चित्र सुंदर असते, बाहुली शाबूत असते, दोरे नवे लावता येतात. पण तिने काय बोलावयाचे हे कोणाला ठाऊक नसते.

काशीतील अमृतरावांचा घाट अजून उभा आहे, आणि त्याचे जुने नाव सांगणारे अजून आहेत. त्यामुळे 'राजा' म्हणजे कोण, या प्रश्नाला तेथे आजही उत्तर मिळते. पैठणी चित्रांतील कित्येक राजांच्या बाबतीत ते आता मिळत नाही. पिंगुळीच्या पोथ्यांतील राजांची नावे मात्र अजून सांगितली जातात. ती ऐकणारे बोलणाऱ्यांच्या हयातीत तेथे पोहोचतात की नाही, एवढाच प्रश्न आहे.